अर्धी वाटी पुडिंग

नळ मोठा सोडून बेबीनं गोळी दोन चमच्यांच्या मधे धरली आणि ओट्याच्या कडेला टेकवून दाबली. ‘कट्’ असा बारीकसा आवाज झाला. पाण्याच्या धारेत तो बुडून गेला, तरी तिनं मान वळवून दाराकडे पाहिलंच.

“बेबी, पाणी वाया जातंय गं!” बाहेरच्या खोलीतून अप्पा म्हणाले.

“भांडं घासतेय, अप्पा.”

भांडं कोरडं ठणठणीत होतं. तिनं चमच्यातली पूड बोटानं चाचपली, एक कणी राहिली होती ती पुन्हा चिरडली, आणि कपात घट्ट कालवून ठेवलेल्या काळ्या कॉफीत ती पूड मिसळून टाकली. गॅसवर दूध, साखर आणि कॉर्नफ्लॉवर रटरटायला लागलं होतं. कप त्यात पालथा केला, तसा पांढऱ्याचा रंग तपकिरी झाला आणि स्वयंपाकघरभर कॉफीचा वास पसरला. तिनं चमच्याच्या टोकाला लागलेलं जिभेवर ठेवून पाहिलं. गोड, मग कडू, मग पुन्हा गोड. हे कडू कॉफीचं की गोळीचं, ते आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पुडिंग वाटीत ओतून तिनं ते निवायला ठेवलं आणि पदराला हात पुसत बाहेर आली. “दुपारी खा हं. झाकून ठेवलंय.”

“कॉफीचंच ना?” अप्पांनी एखाद्या लहान मुलासारखं विचारलं.

“कॉफीचंच.”

ते हसले. तिनं पर्स उचलली आणि त्यांच्याकडे न बघता जिना उतरायला लागली.

बेबी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण घरात, इमारतीत आणि ती जिथे कामाला होती त्या बेकरीतही सगळे तिला बेबीच म्हणत. पन्नाशी जवळ आली, केस कानांवर पिकले, तरी नाव काही मोठं झालं नाही. लग्न जमता जमता दोनदा मोडलं, मग तिनं तो विषयच मिटवून टाकला. बेकरीत केकवर क्रीम चढवायचं काम तिच्याकडे होतं. हात असा सरळ की मालक म्हणायचा, “बेबीनं काढलेल्या रेघेवरून मुंगीसुद्धा रांगेत चालेल.”

अप्पा लिफ्टचे मेकॅनिक. उभा जन्म लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला आणि स्वतःच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. “जगाला वर नेलं आणि मी आपला जिन्यानं,” असं ते स्वतःच म्हणायचे आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत स्वतःच्याच विनोदावर हसत राहायचे.

आई गेली आणि हे हसणं थांबलं. आधी झोप गेली. मग एका रात्री ते शेजाऱ्यांची दारं बडवायला लागले. “लिफ्ट अडकलीय! आत बाई आहे! कुणीतरी वरची मोटर बंद करा!” लोक घाबरून बाहेर आले. ज्या इमारतीला लिफ्टच नाही तिथे कसली अडकणार? पहिल्यांदा लोकांना दया आली, दुसऱ्यांदा त्यांनी समजूत घातली. त्यानंतर दारं उघडेनाशी झाली. एक जण बेबीला जिन्यात गाठून म्हणाला, “ताई, आमच्या घरात परीक्षेची पोरं आहेत हो. काहीतरी बघा.”

डॉक्टरांनी गोळी दिली, कॉफी बंद केली. अप्पांचा कॉफीवर भारी जीव. तरी तेही त्यांनी ऐकलं. गोळी मात्र चार-सहा दिवस घेतली आणि एका सकाळी पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

“ही मी घेणार नाही, बेबी.”

“अहो, का?”

“डोक्यात कापूस कोंबल्यासारखं होतं. आवाज बंद होतात, ते खरं. पण तुझ्या आईचा चेहराही येत नाही डोळ्यांसमोर. काल दिवसभर आठवत बसलो. आलाच नाही.” मग ते शांतपणे म्हणाले, “घेतली म्हणून खोटं सांगणार नाही तुला. घेणार नाही म्हणजे नाही.”

तिनं विनवण्या केल्या, रडली, अबोला धरला. अप्पा बधले नाहीत. धाकटा भाऊ परगावी होता, तो फोनवर म्हणाला, “ताई, तू किती दिवस पुरणार? त्यांना ठेवू कुठेतरी. अशा जागा असतात.” अशा जागा बेबीनं बाहेरून पाहिल्या होत्या. खिडक्यांना गज आणि गजांमागे चेहरे. तिनं फोन ठेवून दिला.

उपाय तिला बेकरीत सापडला. त्या दिवशी मालकाच्या हातून साखरेचा पाक करपला होता. पातेलंभर माल टाकून देणं त्याच्या जिवावर आलं. “कॉफी आण गं,” तो म्हणाला आणि भरपूर कॉफी त्यात ढवळून टाकली. “कडू झालं ना, की त्यावर कडूच घालायचं. पहिलं कडू गप बसतं. बघ तू, लोक म्हणतील, वा, काय कॉफी आहे! करपलंय म्हणणारा एक सापडणार नाही.”

खरंच सापडला नाही. संध्याकाळपर्यंत तो केक संपला.

बेबीनं घरी येऊन गोळी स्वतः चाखून पाहिली. कानशिलापर्यंत चढणारा कडूपणा. व्हॅनिलात तो लपेना, चॉकलेटमध्ये जरा दबला, पण मागाहून डोकं वर काढायचाच. कॉफीनं तो गिळून टाकला, मागमूसही ठेवला नाही. त्या वेळी तिला हायसं वाटलं होतं. चक्क आनंद झाला होता. लाज नंतर आली, आणि ती कुठून आली तेही तिला नेमकं ठाऊक होतं.

पहिली वाटी पुढ्यात ठेवली तेव्हा अप्पांनी वास घेतला आणि डोळेच मिटले. “कॉफी! अगं, पण डॉक्टर?”

“एवढ्यानं काही होत नाही.”

त्यांनी एक चमचा खाल्ला, तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आई गेल्यापासून त्यांनी असं केलं नव्हतं. बेबी तशीच उठली आणि मोरीत जाऊन उगाचच हात धूत राहिली.

पण गुण आला, हे तर दिसत होतं. अप्पा दाढी करायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. बंद पडलेला रेडिओ त्यांनी उघडला. एकदा तर जिन्यात शीळ ऐकू आली, ती त्यांचीच निघाली. ‘गोळी लागू पडली,’ बेबी मनाशी म्हणायची आणि तेवढ्यावर रात्री तिला झोप यायची.

तळमजल्यावर एक टेलरबाई राहायची. साठी उलटलेली, बारीक अंगाची, एकटी. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातूनच यायचं. एकदा बेबी कामावरून परतत असताना तिनं दारातूनच हाक मारली.

“भाग्यवान आहेत हो तुमचे अप्पा.”

“का हो काकू?”

“का म्हणजे? आल्यागेल्याला सांगत असतात, माझी लेक कामावर जायच्या आधी रोज माझ्यासाठी पुडिंग करून जाते म्हणून. अहो, आजकाल कोण कुणासाठी रोज काही करतं?”

बेबी काहीतरी हूं-हां करून वर निघाली. प्रत्येक पायरीवर कुणीतरी पाठीत बोट खुपसतंय असं तिला वाटत होतं.

एक मात्र खरं, झोप पूर्ण आली नव्हती. अधूनमधून अप्पा अजून उठून बसायचे, कान देऊन ऐकायचे. दारं बडवत नसत, पण दाराशी जाऊन उभे राहायचे. बेबीनं डॉक्टरांना जाऊन सांगितलं.

“गोळी नियमित घेतात ना?”

“हो.”

“कुरकुर करत नाहीत? पहिल्यांदा तर घ्यायलाच तयार नव्हते.”

“आता घेतात,” ती म्हणाली आणि टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिली.

डॉक्टरांनी अर्ध्या गोळीची पूर्ण गोळी केली. त्या सकाळी नळाखाली कट् वाजली ती ही पूर्ण गोळी.

दुपार कलली असेल. बेबी कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाच्या केकवर कॉफीची नक्षी काढत होती. मालकानं फोन तिच्या कानाला लावला, कारण तिचे दोन्ही हात क्रीमच्या पिशवीला गुंतलेले.

“बेबी.” अप्पांचा आवाज. “टेलरबाई जिन्यात पडल्या. मी दवाखान्यातून बोलतोय. तू ये.”

दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात अप्पा बाकावर बसले होते. निळा इस्त्रीचा शर्ट, बाहीला रक्ताचा डाग. शेजारी टेलरबाईचा भाचा उभा होता, दुकानातून तसाच धावत आलेला, कानावर पेन्सिल अडकवलेली.

“वाटी परत द्यायला वर येत होत्या,” अप्पा म्हणाले. “आवाज आला म्हणून गेलो, तर खाली मान टाकून पडलेल्या. हाक मारली, ओ नाही. मी दारं वाजवली, बेबी. सगळी दारं वाजवली. पडल्यात, पडल्यात म्हणून ओरडलो. कुणी उघडलंच नाही.” ते बाहीवरचा डाग चोळत राहिले. “त्यांना वाटलं असणार, म्हातारा पुन्हा सुरू झाला.”

“मग?”

“मग काय, उचललं आणि उतरलो. रस्त्यावर कुणीतरी गाडी थांबवली.”

 

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घाईत होते. मनगट मोडलंय, कपाळाला टाके घातलेत, त्याची काळजी नाही, म्हणाले. “पण त्या नीट जाग्या होत नाहीयेत. मार तेवढा मोठा दिसत नाही आणि गुंगी मात्र खोल आहे. डोक्यात आत रक्तस्राव असला तर वेळ घालवून चालणार नाही. मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल, कदाचित उघडूनही बघावं लागेल. कसली औषधं चालू होती त्यांना? झोपेची वगैरे?”

“मावशी? छे हो,” भाचा म्हणाला. “डोकं दुखलं तर कपाळाला फडकं बांधते. गोळी म्हणून घेत नाही.”

“आज काही खाल्लं होतं?”

“मी सांगतो,” अप्पा उठून उभे राहिले. आवाज जरा लाजल्यासारखा झाला. “पुडिंग खाल्लं होतं. रोज आम्ही अर्धं अर्धं खातो. म्हणजे, मी खाली घेऊन जातो. आज माझं पोट बरं नव्हतं, म्हणून सगळं त्यांनाच दिलं. त्याचं काही नसणार डॉक्टर, घरचं असतं. माझी लेक करते.”

डॉक्टर मान हलवून आत गेले. भाचा फोन लावत वऱ्हांड्याच्या टोकाला गेला. बेबी उभी होती तिथेच भिंतीला टेकली.

रोज अर्धं. म्हणजे तो शर्ट, ती दाढी, ती शीळ. टेलरबाईच्या सोबतीचं श्रेय आपण गोळीला देत बसलो होतो! आणि झोप पुरी येत नाही म्हणून डोस वाढवून आणला तो आपणच. गेले किती दिवस ही एवढीशी बाई दुपारी मशीनवर पेंगत असेल, म्हातारपण आलं म्हणत असेल.

“काय झालं गं?” अप्पा म्हणाले. “अशी पांढरी का पडलीस? बस इथे.”

“पाणी पिऊन येते,” ती म्हणाली.

वऱ्हांडा संपेपर्यंत तिच्या मनात काय काय येऊन गेलं, ते तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही. डोक्याचा फोटो काढतील, त्यात काही निघणार नाही, गुंगी आपोआप उतरेल, सकाळी बाई उठून बसतील. सगळं झाकलं जाईल. अप्पांना कळणार नाही. त्या बाईंनाही कळणार नाही की आपल्या दारात रोज वाटी घेऊन येणारा माणूस कसल्या गोळ्यांचा रोगी आहे. एवढा एकच उंबरठा होता, जिथे अप्पांना कुणी ‘तो लिफ्टवाला वेडा’ म्हणत नव्हतं. आणि तिथेच आपण... पण उघडून बघावं लागेल, असं म्हणाले होते डॉक्टर. डोकं उघडून.

ती वळली आणि टेबलामागे बसलेल्या नर्सपाशी गेली. वाकून, अगदी हळू म्हणाली, “त्या जिन्यात पडलेल्या बाईंच्या पोटात गोळी गेलीय.”

“काय गेलंय?” नर्सला दिवसभराच्या गलक्यात मोठ्यानं बोलायची सवय झालेली. “मोठ्यानं बोला हो, काही ऐकू येत नाही.”

“गोळी. झोप येते अशी गोळी.” बेबीनं पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

नर्सनं ते उलटसुलट करून वाचलं आणि ताठ झाली. “ही? ही कुणाची?”

“माझ्या वडिलांची.”

“मग त्यांच्या पोटात कशी गेली?”

“पुडिंगमध्ये होती. मी घालायचे. कॉफीच्या पुडिंगमध्ये.”

“वडिलांना माहीत होतं?”

बेबीनं मान हलवली.

“तोंडानं सांगा. हे महत्त्वाचं आहे. माहीत होतं की नव्हतं?”

“नव्हतं,” ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मागे कुणीतरी उभं आहे हे तिला न बघताच कळलं. इस्त्रीच्या कापडाचा आणि दाढीच्या साबणाचा वास तिच्या ओळखीचा होता.

नर्स पाकीट घेऊन आत पळाली. पावलांच्या आवाजानं भाचाही आला. “काय झालं? कसल्या गोळ्या?” मग त्यानं बेबीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं आणि त्याला उमगलं. “अहो, वेड्याच्या गोळ्या खाऊ घातल्यात माझ्या मावशीला? तुमच्या घरातलं तुम्ही काय ते करा ना! तिनं काय घोडं मारलं होतं तुमचं?”



“त्यांचा दोष नाही,” अप्पा म्हणाले. ‘माझ्या लेकीचा’ म्हटलं नाही त्यांनी, ‘त्यांचा’ म्हणाले, जसं परक्या बाईबद्दल बोलावं. “गोळ्या माझ्या आहेत. वाटी मी दिली, माझ्या हातानं. कुठे लिहायचं असेल तर माझं नाव लिहा.”

आणि ते बाकावर जाऊन बसले. गुडघ्यांवर दोन्ही हात, पाठ सरळ. एखाद्या ऑफिसात नंबर यायची वाट बघत बसावं, तसे.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत. आम्ही भलतीकडेच निघालो होतो.” डोक्याच्या फोटोत काही निघालं नाही. अंधार पडायच्या सुमाराला टेलरबाईनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की मशीनचं बटण कुणी बंद केलं का.

घरी परतल्यावर बापलेक जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अप्पा कठड्याला धरून थांबले. बेबी दोन पायऱ्या खाली थांबली.

“कॉफीचंच का?” त्यांनी विचारलं.

“कडू लपतं त्यात.”

“हं.”

त्यांना दम लागला होता. जरा वेळानं ते म्हणाले, “मला वाटलं, डॉक्टरांचं ऐकून माझी कॉफी बंद केलीस, म्हणून तुझं मन खात असेल. म्हणून करतेस.”

आणि ते वर चढायला लागले. बेबीला वाटलं, त्यांनी ओरडायला हवं होतं. हात उचलला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा स्वतःचं स्वतः करायला लागले. बटाटा उकडायचे, अंडं उकडायचे, सोलून मीठ लावून खायचे. बेबीनं वाढलेलं ताट तसंच राहायचं. रागानं सारून दिलेलं नसे. “नंतर बघू,” म्हणायचे. सोललेलं अंडं खाताना ते तिच्याकडे बघतही नसत आणि तिला मात्र त्यांच्या हातातल्या त्या अंड्यावरून नजर काढता येत नसे. ज्यात बाहेरून कुणाला काही घालता येत नाही, असं अन्न त्यांनी शोधून काढलं होतं.

बेकरीत तिनं मालकाला विचारून पाहिलं, “कॉफीचं काम दुसऱ्या कुणाला देता का थोडे दिवस?”

“का गं? तुझ्यासारखी कॉफी कुणाला जमते?”

तिनं लोण्यात साखर फेसली, कॉफी घातली, पिशवी भरली. वास नाकात जाऊ नये म्हणून तोंडानं श्वास घेत ती सरळ रेघा काढत राहिली.

आठवड्याभरानं दारावर थाप पडली. उघडलं तर टेलरबाई. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. कपाळावर पट्टी. पहिल्यांदाच तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे चेहरा अनोळखी वाटत होता.

बेबी वाकून तिच्या पायांना हात लावायला गेली, तशी ती मागे सरकली. “ते काही नको. आधीच तोल जातोय माझा.”

“काकू, माझं चुकलं. मला माफ...”

“चुकलंच. माझा उजवा हात आहे हा. दोन महिने मशीन बंद.” ती गोड लावून बोलत नव्हती. “भाचा म्हणत होता, पोलिसात जाऊ. मी म्हटलं, काय सांगायचं, कॉफी खाऊन झोपणारी मी जगातली पहिली बाई?” ती स्वतःच थोडी हसली आणि हसल्यानं टाके दुखले म्हणून कपाळ धरून खुर्चीत बसली. “अप्पा कुठायत?”

बेबीनं आतल्या खोलीकडे बोट केलं. दार लोटलेलं होतं. मघाशी थाप पडली तेव्हा अप्पा बाहेरच होते. टेलरबाईचा आवाज ओळखून आत गेले होते.

टेलरबाईनं आवाज चढवला. “अहो! ऐकताय का? मी काही आत येत नाही. इथूनच सांगते. मला कॉफी आवडत नाही. कधीच आवडली नाही. जिभेवर ठेवली की अंगावर काटा येतो.”

ती खुर्चीतच दाराकडे वळून बसली.

“तुम्ही वाटी घेऊन यायचात, समोर बसायचात, लिफ्टच्या गोष्टी सांगायचात. नाही कशी म्हणणार? म्हणून खायची.” ती थांबली. मग जरा हळू, “ह्या मुलीनं तुम्हाला फसवलं ते वाईटच केलं. पण मीही रोज छान झालंय, छान झालंय म्हणतच होते की.”

तरीही दार हललं नाही. टेलरबाई थोडा वेळ बसली. उठताना बेबीला म्हणाली, “भाचा माझ्याकडे राहायला आलाय. तो म्हणतो, अप्पांनी औषध नीट घेतलं तरच घरात पाऊल ठेवू देईन, नाहीतर नाही. तरुण पोर आहे, घाबरलंय. मी त्याच्याशी भांडू शकत नाही, तोच मला भरवतोय सध्या.” आणि एकेक पायरी जपून उतरत ती गेली.

बेबीला वाटलं, अप्पांनी यातलं शेवटचं ऐकलं नसेल. ती तेवढं हळू बोलली होती.

सकाळी ती ओट्यापाशी उभी असताना अप्पा आत आले. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, अंगात तोच निळा शर्ट. बाहीवरचा डाग त्यांनी घासघासून फिका केला होता. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

“गोळी दे.”

“अप्पा...”

“दे.”

तिनं पाकिटातून गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. पांढरी, चपटी, मधे एक रेघ. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघत होते तिला.

“आईचा चेहरा...” बेबी म्हणाली.

“फोटो आहे ना भिंतीवर,” अप्पा म्हणाले. “त्यात बघत जाईन.”

त्यांनी गोळी जिभेवर ठेवली. कडूपणानं त्यांचा चेहरा आक्रसला, पण पाण्याची घाई त्यांनी केली नाही. मग ग्लास उचलला, गिळली, ओठ पुसले आणि तिच्याकडे तोंड करून आ वासला.

बेबीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “अप्पा, नको. नको ना. मी कधी म्हटलं का तुम्हाला?”

त्यांनी तोंड मिटलं. “खाली तो मुलगा विचारेल. माझं कुणी खरं धरणार नाही. तुला विचारलं तर सांगता आलं पाहिजे, डोळ्यांनी पाहिलं म्हणून.” त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवला. “नीट बघ आणि खरं सांग.”

त्यांनी पुन्हा आ केला. जीभ वर उचलली. मग बोटानं आधी एक गाल बाजूला ओढून धरला, मग दुसरा. त्यांना घाई नव्हती. ती बघेपर्यंत ते तसेच उभे राहणार होते.

बेबीनं चेहऱ्यावरचे हात काढले आणि पाहिलं.